बंबाचा डाग

गळक्या भांड्यावर अप्पांसारखा जीव लावणारा माणूस कळंबातच काय, निजामाच्या सबंध मुलखात दुसरा झाला नसेल. पंगतीत माणसं बुंदीची वाट बघत, अप्पा वाढप्याच्या हातातली गळकी झारी कधी आपल्यापाशी येते याची. ईट गावच्या एका लग्नात त्यांनी अशीच एक झारी हातातून काढून घेतली, उपडी केली आणि ताट सोडून तिच्यामागं लागले. वरपक्षाची माणसं ठसके देत पाणी मागत होती आणि अप्पा म्हणत होते, "जरा दमा. आधी तहकीकात हुंद्या." अप्पा माझ्या वडिलांचे स्नेही, कचेरीत नक्कलनवीस. दिवसभर उर्दू कागदांच्या नकला उतरवायच्या आणि संध्याकाळी कपाळाला ताजी विभूती लावून लोकांच्या घरचे कंदील, घागरी, कुलपं शोधत हिंडायचं. गळती ते दुरुस्त करत नसत, तिच्यावर खटला चालवत. भोक म्हणजे मुलजिम, आरोपी. जुना डाग, म्हणजे सांध्यावरचं जुनं कथील, खरवडून निघालं की तो मुद्देमाल. तो फडक्यात बांधून न्यायचा, त्यात शिसं किती, कथील किती याचा छडा लावायचा आणि मगच नवा डाग द्यायचा. यात चार दिवस गेले तरी चालतील, बिचाऱ्या घरधन्यानं तोवर ओंजळीनं पाणी प्यावं. या सगळ्याबद्दल ते चहाखेरीज काही घेत नसत. लोक मात्र अप्पा येताना दिसले की चांगली भांडीसुद्धा आत नेऊन ठेवत. मीही ठेवत असे. ही माझ्या लाजेची सुरुवात, पण ही फार लहान.

वडील गेल्यावरही अप्पांचं आमच्याकडे येणं सुटलं नाही. एका थंडीत आमचा तांब्याचा बंब गळायला लागला. बंबाचं गळणं म्हणजे साधं गळणं नव्हे. आतल्या नळीच्या सांध्यातून पाणी थेट खालच्या निखाऱ्यांवर पडे, सूं करून वाफ उठे आणि पाणी कोमट होण्याआधी विस्तव विझे. मी मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, नुकताच मास्तर म्हणून लागलेला, तेव्हा मला सगळंच येत होतं. मी चुन्यात गूळ कालवून सांध्याला लिंपला. दुसऱ्या दिवशी पाणी गळायचं ते गळतच होतं, वर मुंग्या लागल्या. अप्पांनी ते बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, ह्यो बंब हाय का लाडू? तू पोरं शिकीव बाबा. ह्येचं मी बघतो." मग न्हाणीच्या ओल्या फरशीवर गाल टेकून ते अर्धा तास पडून राहिले. माझी बायको नवी नवरी. न्हाणीत कोट घातलेला माणूस पालथा पडलाय हे बघून ती दोनदा घागर घेऊन परत फिरली.

दोन दिवसांनी मी मदरशातून घरी आलो तर बायको रडकुंडीला आलेली. माहेरची बोरमाळ सकाळी न्हाताना तिनं न्हाणीच्या कोनाड्यात काढून ठेवली होती, असं तिला पक्कं आठवत होतं, आणि आता कोनाडा रिकामा होता. मी आईला विचारलं, कोण आलं होतं. आई म्हणाली, "दुसरं कोण येतंय? अप्पा आले हुते. जाताना म्हणले, वहिनी, डाग निघाला. घेऊन चाललो, सोनाराकडं दावून आणतो." आमच्या घरात डाग म्हणजे दागिना. आईला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. "कडी निघाली असंल माळंची," ती म्हणाली, "अप्पांचा सोभाव तुला म्हाईत न्हाय का? दिसलं मोडकं की न्हेलं."

आईला दिसलं ते मला दिसलं नाही. एका शब्दाला दोन अर्थ असतात हे पोरांना शिकवून मी पोट भरत होतो, पण त्या क्षणी मला एकच अर्थ सुचला, आणि तोही सर्वांत वाईट. खरं सांगायचं तर अप्पांच्या कोटाची कोपरं फाटलेली असत, आणि फाटक्या कोटाच्या माणसाबद्दल वाईट गोष्ट आपल्याला चटकन खरी वाटते. आई हाका मारत राहिली. मी वहाणा न घालताच निघालो.

अप्पा खरोखरच सोनाराच्या दुकानात बसले होते. तिथं बाजारातली चार माणसं होती. मी पायरीवरूनच म्हणालो, "अप्पा, आमचा डाग काढा." त्यांचा चेहरा खुलला. गळतीबद्दल कुणी आपणहून विचारावं हे भाग्य त्यांना क्वचितच लाभे. त्यांनी फडकं सोडलं आणि करड्या धातूचा एक खडा तळहातावर घेऊन म्हणाले, "बरा आलास. ह्यो बघ मुद्देमाल. ह्याच्यात नुसतं शिसंच हाय, कथील नावाला. टिकंल कसा? तुज्या बापाला म्या तवाच म्हणलं हुतं." मी तिथं थांबायला हवं होतं. एवढा खडा डोळ्यांपुढे असून मी थांबलो नाही. म्हणालो, "हा नाही. कोनाड्यातली बोरमाळ."

अप्पांना समजायला थोडा वेळ लागला. त्यांनी आपली पिशवी सोनाराच्या गादीवर उपडी केली आणि एकेक वस्तू उचलून, कचेरीतली यादी वाचावी तशा सावकाश आवाजात सांगायला लागले. "कानस, येक. पक्कड, येक. राळंची पुडी. विभूतीची वडी. भाकर, अर्धी." शेवटी कोटाचे दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले. खिशांनाही भोकं होती. कुणी हसलं नाही.

बोरमाळ घरीच होती. बायकोनं ती कोनाड्यातून काढून धुवायच्या लुगड्याच्या पदराला बांधली होती आणि विसरली होती. दोरीवरच्या ओल्या लुगड्याला गाठ लागली तेव्हा सापडली. संध्याकाळी अप्पा आले. काम अर्धं टाकायचं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. पण आत आले नाहीत. बंब ओट्यावर आणायला लावला, तिथंच बसून डाग दिला, पाणी भरून बघितलं आणि चहा न घेता गेले. पुढं ते येत राहिले. आईशी बोलत, माझ्या मुलाच्या बारशाला कुंचीही आणली. बसत मात्र ओट्यावर. उंबरा त्यांनी पुन्हा ओलांडला नाही.

तीनेक वर्षांनी बंब दुसऱ्या सांध्यात गळू लागला. पावसाची भुरभुर होती, बंब बाहेर काढायची सोय नव्हती. मी म्हणालो, "अप्पा, आत या." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हितनं ऐकू येतंय मला. तू कर, म्या सांगतो." मग मी आत आणि ते ओट्यावर, मध्ये माजघर. "सळई लाल झाली का? राळ आधी, राळ आधी. फुकू नगंस, बेण्या." मी दोन बोटं भाजून घेतली, पण डाग बसला. काळ्या तोंडानं बाहेर आलो. आज बोलायचंच असं मनाशी ठरवलं होतं. म्हणालो, "अप्पा, त्या दिवशी सोनाराकडं मी..."

"पाणी थांबलं का?" त्यांनी विचारलं.

"थांबलं."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि छत्री उघडून पायरी उतरले.

अप्पा त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गेले. त्यांना पोचवून आम्ही घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. ते आमच्या नात्याचे नव्हते, जातीचेही नव्हते. आई म्हणाली, "सगळ्यांनी डोक्यावरनं न्हायचं. आपल्या घरचं माणूस गेलंय." मी बंब पेटवला. एक थेंब गळला नाही. पाणी कढत झालं, आईनं दोनदा हाक मारली, तरी त्या बंबातलं पाणी अंगावर घ्यायचं मला धाडस होईना.