वरच्या तळ्याला नेलेली टोपली

पुण्याहून निघताना सामानात गमबूट, मिठाची पिशवी आणि घासायचा ब्रश घेतला. जलपर्णी पुढच्या काही वर्षांत कोणकोणत्या तळ्यांत पोहोचेल याचा नकाशा तयार करणं, हे माझं काम. उपग्रहाची चित्रं, जमिनीचा उतार, ओढे आणि तापमान यांवरून तो अंदाज बांधायचा असतो. तांबडं तळं म्हणजे पोहोचली, पिवळं म्हणजे पोहोचेल, हिरवं म्हणजे काळजी नाही. नकाशा टेबलाशी बसून होतो. तो खरा की खोटा हे बघायला मात्र जावं लागतं. या फेब्रुवारीत वर्धा जिल्ह्यातली तळी माझ्या वाट्याला आली. ज्या दोन गावांबद्दल लिहितो आहे त्यांची नावं देत नाही. खालचं गाव आणि वरचं गाव एवढं पुरे.

वर्ध्याला सकाळी उतरलो तेव्हा हवेत गारवा होता. स्टेशनाबाहेर रश्श्यात बुडवलेला आलूबोंडा खाल्ला, वर मूठभर सांबार (कोथिंबीर). मग भाड्याच्या गाडीने समुद्रपूरच्या बाजूला निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हरभरा सोंगणीला आला होता, आणि वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्याच होत्या.

खालचं तळं माझ्या नकाशात तांबडं होतं. पाळीवर (बांधावर) चढलो आणि समोर पाणीच दिसेना. काठापासून काठापर्यंत हिरवी गादी, तिच्यावर जांभळी फुलं, आणि फुलांमधून बगळे चालत होते. माझा अंदाज तंतोतंत खरा ठरला होता. मला आनंद झाला, हे लपवत नाही. त्याच पाळीवर मासेमार फाटलेलं जाळं घेऊन बसले होते.

त्यांच्यातले वयस्क लक्ष्मणभाऊ. मोबाइलवरचा नकाशा त्यांना दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन लांब धरला.

"हे तुमाले आधीच माईत होतं?"

"अंदाज होता. दोन वर्षांपूर्वीचा."

"मंग सांगाचं होतं ना बाप्पा! तवा कोपऱ्यात टोपलंभर होती जलकुंभी. दोघं जण उतरलो असतो तं काढली असती."

नकाशा मी अहवालाला जोडून वर पाठवला होता. तो या पाळीपर्यंत आणणं हे आपलं काम आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यांचं जाळं जलपर्णीत अडकून फाटलं होतं, म्हणून वरच्या गावाहून दुसरं मागून आणलं होतं. तिथे त्यांची बहीण पार्बताबाई दिलेली. मी वरच्या तळ्यावरच निघालो आहे म्हटल्यावर भाऊ खूश झाले. "मंग जाळं नेऊनच द्या जी. अन् हे टोपलं बी."

जाळ्याच्या बाबतीत मी दक्ष होतो. दुपारपर्यंत ते उन्हात पसरलं, गाठीगाठीतून पानांचे तुकडे वेचले. चिकटलेला एखादा तुकडाही पुढच्या तळ्यात रुजू नये म्हणून गमबूट मिठाच्या पाण्यात धुतले. भाऊ बघत होते. "बुटाले मीठ लावता, मुरवून खाता का काय?" सगळे हसले.

टोपलीत जिवंत मरळ होते. आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, तसं यांच्यात उसनं जाळं रिकामं परत जात नाही. सोबत मासे द्यावे लागतात, तेही जिवंत; त्याला 'जाळ्यावरचं' म्हणतात. मरळ पाण्याबाहेर बराच वेळ जगतो, त्याला फक्त ओलावा हवा. पूर्वी ओल्या पोत्यात गुंडाळून देत. "आता एवढं ओलं आंगणातच उगवलं, तं पोतं कायले भिजवा?" म्हणत भाऊंनी टोपलीत खाली-वर जलपर्णी भरली, मुळांसकट.

मी ते पाहिलं. फोटोही काढला.

आणि तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. माझ्या नकाशात जलपर्णी पाण्यासोबत उतारानं खाली जात होती. वरचं तळं चढावर, म्हणून हिरवं. टोपली मी मांडीवर घेतली, गाडीवाल्याला एसी वाढवायला सांगितलं. गिरडला डोंगरावरच्या दर्ग्यापाशी थांबलो, तेव्हा बाटलीतलं पाणी टोपलीवर शिंपडलं. गाडीवाला म्हणाला, "लेकरू घेतल्यावानी धरलं जी तुमी टोपलं!"

वरचं तळं गावाच्या डोक्यावर, टेकडीच्या कुशीत. पाणी इतकं निवळ की काठाजवळचे गोटे मोजता यावेत. पलीकडच्या अर्ध्या भागात शिंगाड्याचे वेल पसरलेले. पार्बताबाई पन्नाशीच्या, ठसठशीत आवाजाच्या. "आलं का माह्या भावाचं जाळ्यावरचं!" म्हणत त्यांनी टोपली माझ्या हातातून घेतली, थेट पाण्यात उतरल्या, काठाला बांधलेल्या जाळीच्या खोक्यात मरळ सोडले आणि टोपली तळ्यात दोनदा खळबळून काढली. हिरवी पानं, काळी मुळं सुटी होऊन तरंगत गेली.

तेव्हा मला कळलं.

पुढचं लिहायला जड जातं. मी त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण बाई म्हणाल्या, "पाहा साहेब, आरशावानी हाय आमचं तळं. तुमच्या कागदात कोणता रंग हाय याले?" मी म्हणालो, "हिरवा." मग त्यांनी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर, मरळाचं सालन, कच्चा कांदा. मी प्रत्येक घासाला ठरवत होतो की आता सांगतो. सांगायचं तर हेही सांगावं लागणार होतं की टोपली मी आणली, वाटेत पाणी मारून जगवली, आणि हाच माझा विषय आहे. हात धुतल्यावर सांगितलं.

बाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. "जेवाच्या आधी काऊन नाई सांगतलं?"

मी उठून काठाकडे धावलो.

तेवढ्या वेळात वारा सुटला होता. काठावर थोडे तुकडे मिळाले, बाकीचे शिंगाड्याच्या वेलांकडे गेले होते. बाईंनी शेजारपाजारच्यांना हाका मारल्या, डोंगा (लहान होडी) काढला, आणि भावाकडून आलेलं तेच जाळं काठाकाठानं ओढलं. मी कमरेपर्यंत पाण्यात वेल उचलून खालची बाजू बघत होतो. शिंगाड्याचंही पान वर तरंगतं, त्यालाही फुगीर देठ असतो. त्या दाटीत हिरव्यातलं हिरवं ओळखणं कठीण. दिवस मावळेपर्यंत शोधलं. सापडलं ते सगळं पाळीवर आणून जाळलं. सगळं सापडलं का, हे मला तेव्हा सांगता आलं नाही, आजही येत नाही.

दुसऱ्या सकाळी निघताना बाईंनी टोपली भावासाठी परत दिली. ती त्यांनी दगडावर आपटून झटकली होती, चुलीच्या धुरावर धरली होती. आत बोरं होती. "पाहून घ्या, भिंग लावून. पान गिन सापडते का."

खालच्या गावात लक्ष्मणभाऊंनी टोपली हातात घेऊन हुंगली आणि त्यांचा चेहरा उतरला. "धुरावर धरली? माह्या हातची टोपली खराब वाटली तिले? माही बहीण नाराज झाली का माह्यावर?"

"तुमच्यावर नाही," मी म्हणालो, आणि पाळीवर बसून सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी जेवणाआधी. त्यांनी टोपली मांडीवर घेतली. मग म्हणाले, "पंधरा-वीस वर्सं पोतं भिजवून देल्लं. यंदाच आळस केला." मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, मला मात्र माहीत होतं. "हाव," ते म्हणाले, "ते तं हाय." मग बोरांतलं एक माझ्या हातावर ठेवलं.

पुण्याला परतून नकाशा उघडला. ओढ्यांच्या निळ्या रेघा सगळ्या खाली जात होत्या. आता मी प्रत्येक तळ्याबाबत एक वेगळा प्रश्न विचारतो: तुमचं जाळं कोणाकडून येतं, आणि परत जाताना सोबत काय जातं? उत्तरांच्या रेघा चढाच्या दिशेनेही जातात. जिथे लेक दिली तिथे जातात. वरचं तळं मी पिवळं केलं आहे, आणि या वेळी नकाशा आधी गावात पाठवला.

दर आठवड्याला पार्बताबाईंचा फोन येतो. त्या डोंग्यातून वेलांमध्ये फेरी मारून आलेल्या असतात. नमस्कार वगैरे काही नाही.

"आज नाई दिसली जी," त्या म्हणतात, आणि फोन ठेवतात.