कमरेएवढे बटाटे

आमच्याकडच्या पुरुषांना पीक रस्त्यावरून बघायची सवय आहे. मोटरसायकल बांधाला लावायची, एक पाय जमिनीवर टेकायचा, दुसरा गाडीवरच ठेवायचा आणि "लई उंच गेलाय की!" म्हणायचं. झाली शेती. ऊस आहे तोवर हे खपून जातं. उसाला पोटात काही लपवता येत नाही, आणि तोडायला कारखान्याची टोळी येते. त्यामुळे आमच्या घरातल्या पुरुषांचे हात मऊ आणि आवाज मोठे.

अशा घरात बटाटा शिरला तो धाकट्या दिरांमुळे. गडहिंग्लजला कुणाच्या तरी लग्नात त्यांना समजलं, की वेफर्सच्या कंपन्या बटाटा बांधावरून उचलून नेतात. हे 'उचलून नेतात' त्यांना फार आवडलं. घरी येऊन त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला. कुठल्या तरी लांबच्या रानात यंत्र चाललेलं आणि मागे बटाट्यांचा ढीग. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, चष्मा लावून तो पुन्हा पुन्हा बघत बसले. दुसऱ्या दिवसापासून दोघे भाऊ गावात उद्योजक म्हणून फिरायला लागले. बियाणं अजून आलं नव्हतं, पण खिशाला पेन आलं होतं.

रान कुठलं घ्यायचं? ऊस मोडायची छाती दोघांचीही नव्हती. मग नजर गेली विहिरीखालच्या तुकड्यावर. तिथं माझं हत्तीगवत होतं, कडेला मका. त्या वैरणीवर माझ्या दोन म्हशी होत्या. दूध मी डेअरीला घालायची, पैसे माझ्या हातात यायचे, आणि त्या घरात माझा शब्द जेवढा चालायचा तेवढा त्या म्हशींच्या जिवावर. मालकांना हे माहीत नव्हतं असं नाही.

"तीन महिन्यांचा तर प्रश्न हाय," ते म्हणाले. "बटाटा निघाला की तुझं रान तुला."

"आणि तवर म्हशी काय खात्यात?"

"उसाच्या शेंड्यांचं वाडं हाय की! कारखाना चालू हाय."

हत्तीगवताची ठोंबं ट्रॅक्टरनं उपटून बांधावर टाकली. मी बघायला गेले नाही. त्या दिवशी माझ्या हातून भाकऱ्या करपल्या आणि मी त्या तशाच दोघांच्या ताटात वाढल्या.

मग सुरू झाली बटाट्याची शेती, म्हणजे उसाचीच शेती, फक्त बटाट्यावर. कंपनीचा माणूस एकदा येऊन सांगून गेला, पाणी हलकं द्या, युरिया बेतानं टाका. त्याची पाठ फिरल्यावर दीर हसले. "ह्यो काय शिकवणार आपल्याला? पाणी काय असतंय ते बघितलंय का ह्यानं?" मोटर चालू करायची, पाट सोडून द्यायचा आणि पारावर जाऊन बसायचं, हे त्यांचं पाणी देणं. उसाला घालून उरलेला युरिया बटाट्याला गेला. मग आणखी आणला. पाला असा माजला की विचारू नका. गुडघ्यापर्यंत आला, मग कमरेपर्यंत. दीर त्यात उभे राहून छाती काढून फोटो काढून घ्यायचे, जणू बटाटे त्यांनाच लागणार होते.

"एक झाड उपटून बघा की, खाली काय हाय ते," मी एकदा म्हणाले.

"वयनी, तुम्ही म्हशीकडं बघा," दीर म्हणाले. मालक हसले. त्या हसण्याचा राग मला अजून आहे.

काढणीच्या आधी रानात जेवण घातलं. पीक हातात यायच्या आधी! मटण, तांबडा-पांढरा रस्सा, जयसिंगपूरचे पाहुणे आणि गावातली सगळी रिकामी तोंडं. भाकऱ्या अर्थातच मी आणि सासूबाईंनी थापल्या. पाहुणे रस्सा ओरपत पाल्याकडे बोट दाखवायचे. "पावणं, नाद न्हाय करायचा!" दीर प्रत्येकाला सांगत होते. एवढ्या माणसांत एकालाही वाकून माती उकरावीशी वाटली नाही.

पुढच्या आठवड्यात बायका काढणीला लावल्या. पाला उपटला की खाली गोट्यांएवढे बटाटे, काही तर सुपारीएवढे. मधूनच थोडे मोठे निघायचे, ते पाण्यानं सडलेले, हातात फुटायचे. वासानं बायकांनी पदर नाकाला लावले. कंपनीच्या माणसानं माल चाळणीवर ओतला. जवळजवळ सगळा खाली पडला. तो रिकामी गाडी घेऊन गेला. दिरांना त्या दिवशी नेमकं बाहेरगावी काम निघालं होतं.

मालकांनी दोष कुणाला दिला? रानाला. "त्या तुकड्यात दमच न्हाय," म्हणाले. वर्षानुवर्षं माझ्या म्हशी पोसणाऱ्या रानात दम नव्हता, आणि ह्यांच्यात होता! नुकसान भरून काढायला म्हणून त्यांनी तिथं ऊस लावायचं ठरवलं. मला विचारलंसुद्धा नाही. रानात सऱ्या पडताना दिसल्या तेव्हा मला कळलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला कारखाना बंद झाला, वाडं संपलं. वैरण विकत आणू म्हणणारे दोघे भाऊ भाव ऐकून रिकाम्या हातानं परत आले. एक म्हैस आटली. दुसरीची हाडं दिसायला लागली. उपाशी जनावर दावणीला ठेवून त्याच्या डोळ्यांत बघणं मला जमेना. दोन्ही विकल्या. टेम्पो आला तेव्हा दुसरी फळीवर चढेना. मान वळवून माझ्याकडे बघत रेकत राहिली. मीच तिच्या मानेवर हात ठेवला आणि तिला चढवली. त्या दोघांदेखत रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते मात्र पाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतः दुकानात जाऊन दुधाची पिशवी घेऊन आले. मी लग्न होऊन आल्यापासून त्या घरात विकतचं दूध कधी आलं नव्हतं. मी पिशवी कापली, चहा केला, दोघा भावांसमोर कप ठेवले. पहिल्याच घोटाला मालकांनी तोंड वाकडं केलं.

"चवच न्हाय की चहाला."

"मग बटाटं घाला त्यात," मी म्हणाले.

दीर उठून बाहेर गेले. मालक बशीत चहा ओतत राहिले. मी माझा कप मोरीत रिकामा केला.