दारासमोरची बस

आयर्लंडमध्ये बस आपणहून थांबत नाही, तिला हात करावा लागतो. आम्ही भाड्याचं घर बघायला गेलो, त्या गावातल्या थांब्यावर एक आयरिश आजी केव्हाची हात पुढे करून उभी होती, आणि वळणावर तर अजून काहीच दिसत नव्हतं.

समोरच्या घरात माझा नवरा एजंटाबरोबर खोल्या बघत होता. बाहेर आणखी जोडपी ताटकळत होती, त्यामुळे हो की नाही ते आत्ताच सांगायचं होतं. "बस अगदी दारासमोर!" एजंट मघाशी असं म्हणाला होता, जणू बस त्याच्याच मालकीची. मला गाडी चालवता येत नाही. सकाळी मी वॉर्डात वेळेवर पोचले नाही, तर रात्रभर जागलेली नर्स घरी जाऊ शकत नाही. म्हणून मी खोल्या सोडून थांबा बघत होते. आपल्याकडे घर घेताना पाणी किती वेळ येतं ते विचारतात. इथे माझं सगळं घर एका अनोळखी ड्रायव्हरच्या नजरेवर उभं राहणार होतं.

बस आली. आजीबरोबर मीही हात केला. खच्चून भरलेली ती बस न थांबता निघून गेली.

"पुढची येईल," आजी शांतपणे म्हणाली आणि तिने पिशवीतून घडीचं स्टूल काढलं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "अगं, स्वयंपाकघर केवढं मोठं आहे! हो सांगू ना?"

मी खाली बघत होते. थांब्याजवळच्या गवतात चार जुने खळगे पडले होते. स्टुलाचे चारही पाय त्यांत बरोबर बसले.

"नाही सांग," मी म्हणाले.