वीतभर कापलेला दांडा

मुलांनो, गेल्या आठवड्यात तुम्ही फोनवर आमच्या विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी विभागाची सन्मानांची यादी वाचून दाखवलीत आणि विचारलंत, "आजी, तू तर तिथे होतीस. तुझं नाव का नाही?" उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

मी त्या विभागात अवजारांचे नकाशे काढत असे. ती मराठवाड्यातल्या नामांतर आंदोलनाची वर्षं. बंद पुकारला की एसटी थांबायची आणि शेतावर कामाला येणाऱ्या बायका पोखर्णीच्या रस्त्यानं चालत यायच्या. तेव्हा आमच्याकडे कपाशीतलं तण उभ्यानं काढायचं हातकोळपं तयार झालं होतं. दांड्याचं माप आमच्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, परदेशी पुस्तकातून घेतलं होतं, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या उंचीचं. मीही काही न विचारता ते नकाशात उतरवलं.

चाचणीच्या तिसऱ्या दिवशी मी शेतावर गेले, तर सगळे दांडे वीतभर आखूड. सर आधीच तिथे उभे होते.

"हे कोणी केलं?"

"म्या," बायकांतली सगळ्यात वयस्कर होती ती म्हणाली. "वर्कशॉपातून करवत आणली. मूठ छातीत बसायली व्हती, साहेब."

"हे संशोधन आहे, बाई."

"आसंल. पर छाती आमची हाय."

बाकीच्या पदराआड हसल्या. सर हसले नाहीत. पण काम भराभर उरकतंय हे त्यांनाही दिसत होतं. चाचणीचे आकडे त्याच आखूड दांड्यांवर घेतले गेले.

मग पुरस्कारासाठी प्रस्ताव पाठवायची वेळ आली. सर म्हणाले, "नकाशा जुन्या मापाचाच जाऊ द्या. मजुरांनी आपलं डिझाइन सुधारलं, असं दिसायला नको."

मी नव्या मापाचा नकाशा काढला आणि खाली इंग्रजीत टीप लिहिली, की हे माप शेतातल्या स्त्रियांनी दांडा कापून ठरवलं आहे.

"टीप काढा."

"नाही काढणार, सर. आकडे या दांड्याचे आहेत आणि खाली सही माझी आहे."

"तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही. लक्षात आहे ना?"

"आहे."

नकाशे काढणारी मी एकटीच होते आणि प्रस्ताव त्याच दिवशी टपालात पडायला हवा होता. तो टिपेसकट गेला. पुरस्कार मिळाला, सरांचा फोटो लागला. मला जिंतूरकडच्या एका केंद्रावर पाठवलं. रोज एसटीनं जाऊन-येऊन मी तिथली नोकरी पुरी केली, आणि टिपेबद्दल माफी मागितली नाही.

जायच्या आधी त्या बाईला सांगायला गेले. "तुमच्या दांड्याला बक्षीस मिळालं."

"दांड्याला व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं साहेबाला."

यादीत माझं नाव नाही, आणि कुणाला लिहून ते घालायला सांगू नका. त्या नकाशाची निळी प्रत, म्हणजे ब्लूप्रिंट, माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. घड्यांवर फाटली आहे, पण टीप अजून वाचता येते.