कपाटाचं दार आणि उस्ताद

कोथरूडला आमच्याकडे सुतारकामाला येणारे मिस्त्री आधी कानावरची पेन्सिल काढतात, एक डोळा मिटतात आणि आधीच्या माणसाच्या कामाला नावं ठेवतात. अवजारं नंतर.

परवा स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लागेना म्हणून त्यांना बोलावलं. पुण्यात माहिती द्यायला कुणी विचारायची गरज नसते. चहा देतादेता मी सांगून टाकलं, "मिस्त्री हा शब्द पोर्तुगिजांकडून आला बरं का. मूळ 'मेस्त्रे', म्हणजे उस्ताद."

ते खुलले. मग दार हलवून म्हणाले, "अहो, कुठल्या अडाण्यानं बसवलंय हे?"

"तुम्हीच. गेल्या दिवाळीत."

त्यांनी पेन्सिल शांतपणे पुन्हा कानावर ठेवली.

"तेव्हा मी साधा सुतार होतो. उस्ताद तर तुम्ही मला आत्ता केलंत."