मिठागरवाल्यांची तहान

आमच्या सोसायटीतल्या मिठागरवाल्या शेजाऱ्यांइतका युक्तिवादात अजिंक्य माणूस मी पाहिलेला नाही; आणि मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात, कायदा विभागात, उभी हयात घालवलेली आहे.

त्यांची मिठागरे केव्हाच शहराच्या पोटात गेली, तरी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ते मिठातच शोधीत. मोबाइलवरची अक्षरे पुसट दिसू लागली, तर तो म्हणे तरुणपणी उन्हातले मीठ पाहून डोळे दिपल्याचा उशिरा आलेला परिणाम. सदरा खांद्यावरून ओघळू लागला, तर खारी हवा माणसाला सुकटीसारखे सुकवते, हा सिद्धान्त तयार. आणि तहान? ती तर वडिलोपार्जित.

ही वडिलोपार्जित तहान माझ्या तळमजल्यावरच्या घरी भागवली जाई. स्वतःचे घर वरच्या मजल्यावर, म्हणून फाटकाजवळच्या नेहमीच्या खुर्चीवरून उठून ते माझी बेल वाजवीत, तांब्या रिकामा करीत आणि थोड्याच वेळात परत येऊन न्हाणीघराची वाट धरीत. मी संतापून लेखी हरकत घेतली: सदर वापर केवळ परवानगीने होत असून त्यातून वहिवाटीचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. ते पत्र घेऊन ते माझ्याकडेच आले. "वकीलसायेब, डोल्यांना दिसत नाय, तुमीच वाचा." मी खणखणीत आवाजात वाचले. त्यांनी भाषेला मनापासून दाद दिली आणि पाणी मागितले.

एके सकाळी ते एकाच पायात चप्पल घालून आत आले. दुसरी जिन्यापाशी गळून पडल्याचे त्यांच्या गावीही नव्हते. नुकत्याच पुसलेल्या फरशीबद्दल मी तोंड उघडणार, तोच तिच्यावर रक्ताचे ठसे दिसले. अनवाणी तळव्यात काच रुतली होती. शेजारी एक जुनी, न भरलेली जखम.

"अहो, दुखत नाही?"

"मिठागरातला पाय हाय हा. त्याला काय व्हनार?"

त्यांच्या युक्तिवादाने प्रथमच मला राग न येता भीती वाटली. तहान, वारंवार लघवी, उतरलेले अंग, धूसर नजर, बधिर पाय: सारे साक्षीदार एकाच आरोपीकडे बोट दाखवीत होते. काच काढून, पाय बांधून मी त्यांना रिक्षात घातले. वाटेतही बचाव चालूच होता. "मिठातल्या मानसाला साखर कशी व्हईल?"

रक्ताच्या अहवालाने तो बचाव फेटाळला. आणखी उशीर झाला असता तर पाय गेला असता, असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा या अजिंक्य माणसाने पट्टी बांधलेला तळवा दोन्ही हातांनी उलटा करून पाहिला.

पाय वाचला. आता ते वेळेवर गोळ्या घेतात, रोज आरशात तळवे तपासतात, आणि भात मोजूनमापून खावा लागतो म्हणून समुद्राला शिव्या देतात. साखर आटोक्यात आली आणि तहानही ओसरली. माझी बेल वाजत नाही. सकाळी भरलेला तांब्या संध्याकाळी तसाच असतो.

काल त्यांना पुन्हा पत्र लिहिले: पूर्वीची हरकत मी बिनशर्त मागे घेत आहे. आपला वहिवाटीचा हक्क मला मान्य आहे. तहान नसली तरी यावे.