मनाई हुकमाची चार वर्षं

भास्करराव गुप्ते गेल्याचं मला कळलं तेव्हा मी अंबरनाथला मोजणीवर होतो. कचेरीतला शिपाई सायकल हातात धरून बांधावरून चालत आला, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "गुप्तेसाहेब गेले. सकाळी, घरीच. चहा घेत होते." साखळी धरणाऱ्या माणसांना थांबायला सांगून मी तिथंच बसलो. बदलापूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... त्याला आता पाच आठवडे झाले. कचेरीत मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर आठ वर्षं काढली. जमीन संपादनाचं काम पाहणारे ते अव्वल कारकून, मी त्यांच्या हाताखालचा. वर्तमानपत्रात छापून यावं असं आपण काही केलं नाही, असं ते स्वतः म्हणाले असते. एका प्रकरणानं मात्र त्यांची चार वर्षं खाल्ली आणि त्यानंतरचे भास्करराव पहिल्यासारखे राहिले नाहीत. ते प्रकरण जवळून पाहिलेला मीच उरलो आहे, म्हणून लिहितो.

मी नोकरीला लागलो तेव्हा उल्हासनगर म्हणजे नुसत्या लष्करी बराकी होत्या. युद्ध संपून सैनिक गेले आणि तिथं सिंधमधून आलेली कुटुंबं राहू लागली. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून आठ-दहा बिऱ्हाडं. सगळ्यात मोठी अडचण पाण्याची. पहाटेपासून नळावर बायकांच्या रांगा लागत आणि उन्हाळ्यात दुपारपर्यंत हलत नसत. कॅम्पाच्या कडेला एक टेकाड होतं. तिथं टाकी बांधायची, तिथून उतारानं पाणी द्यायचं, असं ठरलं. निर्वासितांसाठी जमीन घेण्याचा कायदा नवीनच झाला होता. त्या कायद्याखाली टेकाड आणि पायथ्याची दोन भातखाचरं घ्यायची नोटीस निघाली आणि ती बजावायला भास्कररावांबरोबर मीही गेलो.

जमीन गोमाजी म्हात्रे नावाच्या आगरी शेतकऱ्याची होती. साठीचा, उंच, शांत बोलणारा माणूस. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून भास्कररावांनी नोटीस दोनदा वाचून दाखवली. गोमाजीनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रावसाहेब, लडाई होती तवा लष्करानं हीच जमीन नेली. लडाई संपली का परत देतो बोलले. दिली, पण तीन वर्सांनी. आता पुन्ना मागतात. आमी कोनाला इचारायचा?"

दुसऱ्या एखाद्यानं कागदावर अंगठा घेऊन काढता पाय घेतला असता. भास्करराव खाटेवर बसून राहिले. म्हणाले, "कायदा मान्य नसेल तर कोर्टात जाता येतं. तो तुमचा हक्क आहे." परतताना मी त्यांना विचारलं, हे सांगायची काय गरज होती? ते म्हणाले, "त्यानं विचारलं म्हणून सांगितलं. खोटं काय सांगायचं?"

गोमाजी कोर्टात गेला. त्याच्याआधीच पलीकडच्या बऱ्याच मोठ्या जमीनदारांनी मुंबईचे नामांकित वकील देऊन हा कायदाच घटनेला धरून नाही असा अर्ज केला होता. गोमाजीचं प्रकरण त्यांच्याबरोबर जोडलं गेलं. कोर्टानं मनाई हुकूम दिला. निकाल लागेपर्यंत सगळं जैसे थे ठेवायचं. सरकारनं टाकीचं काम करायचं नाही आणि गोमाजीनंही खाचरात नांगर घालायचा नाही.

त्यानंतर नुसत्या तारखा. कधी त्यांचे वकील आजारी, कधी आमच्याकडचे दुसऱ्या कोर्टात अडकलेले, कधी कागद कमी पडलेले. प्रत्येक तारखेला भास्करराव बदलापूरहून फायलींचं गाठोडं घेऊन मुंबईला जायचे, दिवसभर बाकावर बसायचे आणि पुढची तारीख घेऊन परत यायचे. टाकीसाठी आणलेले लोखंडी नळ टेकाडाच्या पायथ्याशी पडून होते. त्यांच्यावर वेली चढल्या. पाणीपुरवठ्याचा तरुण इंजिनियर पहिल्या वर्षी रोज चौकशी करायचा, दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा, मग त्याची बदली झाली.

दर सोमवारी मात्र एक बाई न चुकता यायची. लाजवंती तिचं नाव. नवरा वाटेतच गमावलेला, पापड लाटून पोट भरायची. दारात उभी राहून विचारायची, "साईं, हुकूम आया?" भास्करराव म्हणायचे, "नहीं बहन, तारीख पडी है." ती कधी भांडली नाही. पहिल्या वर्षी तिच्याबरोबर चौथीत शिकणारी मुलगी असायची, कमला. कॅम्पातल्या शाळेत शिकलेला मराठी धडा तिनं एकदा भास्कररावांना म्हणून दाखवला होता. नंतर ती दिसेनाशी झाली. त्यांनी विचारलं तेव्हा लाजवंती म्हणाली, "मैं पापड बेलूं के लाइन में खडी रहूं? वो नल पे रहती है."

त्या दिवशी भास्कररावांनी डबा उघडला नाही. संध्याकाळी स्टेशनकडे चालताना म्हणाले, "मी गोमाजीला सांगितलं नसतं तर..." मी म्हटलं, तो गेला नसता तरी बाकीचे गेलेच होते, कायदा अडकणारच होता. "हो, तेही खरंच," ते म्हणाले.

गोमाजीला कोर्टाचं सांगितल्याची गोष्ट आमच्या वरच्या साहेबांच्या कानावर कशी गेली कोण जाणे. त्यांनी भास्कररावांना आत बोलावून विचारलं, "सरकारचा पगार घेऊन तुम्ही लोकांना सरकारविरुद्ध कोर्टात जायला सांगता?" भास्करराव म्हणाले, "कोर्ट आहे एवढं सांगितलं, साहेब." त्यांची बढती जवळ आली होती. ती दुसऱ्याला मिळाली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. वहिनींकडून मला कळलं की त्या वर्षी मुलाचं इंजिनियरिंग राहिलं.

चौथ्या वर्षी निकाल लागला. कायदा टिकला. कचेरीत पेढे आले. भास्कररावांनी पेढा हातात घेतला आणि तसाच कागदावर ठेवला. मग म्हणाले, "चला, गोमाजीला सांगून येऊ."

खाचरात कमरेएवढं गवत माजलं होतं. गोमाजी थकला होता, त्याला नीट दिसत नव्हतं. त्याचे मुलगे शेतीचा नाद सोडून अंबरनाथच्या कारखान्यात लागले होते. निकाल ऐकून तो म्हणाला, "हरलो तं हरलो. पन रावसाहेब, हां का ना बोलाला चार वर्सं कशाला लागली? पयल्याच वर्सी बोलले असते तं पोरं शेतीत रायली असती, दुसरीकडं जमीन बगितली असती."  

टाकी पुढल्या वर्षी झाली. पाणी सोडण्याच्या दिवशी मंत्री आले, हार-तुरे झाले. भास्करराव गर्दीत लाजवंतीला शोधत होते. ती भेटली तेव्हा त्यांनी कमलाबद्दल विचारलं. कमलाचं लग्न होऊन ती पिंपरीच्या कॅम्पात गेली होती. "वहां नल घर के पास है," लाजवंती समाधानानं म्हणाली.

त्या आठवड्यात त्यांनी सरकारला पत्र लिहिलं. मसुदा मीच टाइप केला. लोकांनी कायद्याला आव्हान देऊ नये असं त्यात कुठंही नव्हतं. ज्या कायद्यावर पाणी, घर, शाळा अवलंबून आहे, त्याचा निवाडा आधी व्हावा, आणि मनाई हुकूम देताना कोण कोण वाट बघत बसणार आहे हेही कुणीतरी कोर्टासमोर मांडावं, एवढंच. "वादी आणि प्रतिवादी यांची नावं कागदावर असतात. नळावर उभ्या असलेल्यांची नसतात," हे वाक्य मला पाठ आहे. उत्तर आलं, नोंद घेतली आहे. त्यांनी आणखी दोन पत्रं लिहिली. त्यांचीही नोंद घेतली गेली. मग त्यांनी लिहिणं थांबवलं... शेवटची दोन-तीन वर्षं ते कामाशी काम ठेवून होते. तब्येतीला काही झालं नव्हतं, निदान आम्हाला तसं वाटत होतं. नुसते दमलेले दिसायचे.

गेल्या आठवड्यात कुळकायद्याच्या एका प्रकरणात चौकशी करायला खरवई गावचा एक म्हातारा कचेरीत आला. त्याही कायद्याविरुद्ध कुणीतरी कोर्टात गेलेलं आहे, तारीख पुढं गेलेली आहे. भास्कररावांची एक रीत होती. चांगली बातमी ते बसल्या जागेवरून सांगायचे. "अजून नाही" असं सांगायचं असलं की मात्र खुर्चीवरून उठायचे, टेबलाला वळसा घालून माणसासमोर उभे राहायचे आणि मग सांगायचे. आम्ही तरुण मंडळी त्याला हसायचो. तो म्हातारा काठी टेकून दारात उभा होता. मी तारीख पाहिली. तोंडातून शब्द निघायच्या आत माझ्या लक्षात आलं, मी उठून त्याच्यासमोर उभा राहिलो होतो.